वाईच्या पंचक्रोशीत दोन चाकांवरून

वाई म्हटले की कुणाला कृष्णाकाठचे घाट आठवतात, कुणाला ढोल्या गणपती, तर कुणाला मराठी विश्वकोशाची कचेरी. तरुण मुलांना 'स्वदेस' सिनेमातली मेणवली आठवते. परंतु पुण्या-मुंबईकडच्या बहुतेकांनी वाई पाहिलेली असते ती पाचगणीला जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून. गाडी पसरणीच्या घाटाला लागते आणि वाई मागे पडते. खाली राहिलेल्या गावांत माणसे शाळेला, बाजाराला, दवाखान्याला कशी जातात, हे खिडकीतून दिसत नाही.

ते पाहावे म्हणून यंदाच्या हिवाळ्यात आम्ही चौघे वाईची पंचक्रोशी सायकलवरून फिरलो. आमच्यात एक शिक्षक, एक पोस्टातून निवृत्त झालेले काका, एक शिवणकाम करणाऱ्या ताई आणि कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी. सायकली साध्याच, दोन तर वाईतून मागून घेतलेल्या. तीन दिवसांत जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवतो, आणि त्यातून जे सुचले तेही.

सपाट खोरे, जवळची गावे

वाई डोंगरांच्या कुशीत आहे. एका बाजूला पांडवगड, दुसऱ्या बाजूला वैराटगड, आणि वर पाचगणीचे पठार. मधून कृष्णा वाहते. घाटाने पाचगणी गाठायची तर सुमारे बारा किलोमीटरांत सहाशे मीटरच्या आसपास चढ चढावा लागतो. तिथे साधी सायकल हातात धरूनच चालावी लागेल. पण खाली खोऱ्यात तसे नाही. मेणवली तीन किलोमीटर, पसरणी तितकीच जवळ, बावधन पाच-सहा, लोहारे सहा-सात, धोम आठाच्या आसपास, आणि महामार्गावरचे सुरूर दहा. सायकलवाला कितीही रमतगमत गेला तरी तासाला दहा-बारा किलोमीटर जातो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक गाव वाईपासून पाऊण तासाच्या आत. पायी याच वाटेला दीड-दोन तास मोडतात.

पहिल्या दिवशी आम्ही मेणवलीला गेलो. नाना फडणविसांचा वाडा, नदीचा दगडी घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर तिकडून आणलेली मोठी पोर्तुगीज घंटा, हे सर्व पाहिले. तिथून धोमकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि हळदीची शेते. थंडीचे दिवस, पाठीवर कोवळे ऊन, सायकल चालवताना फार बरे वाटत होते. पण हे सुख मोठ्या रस्त्याला लागेपर्यंतच टिकले.

उसाचा हंगाम चालू होता. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतून बाहेर आलेले उसाचे वाढे. ट्रॉली शेजारून जाताना सायकलवाल्याने रस्ता सोडून खाली उतरावे, हाच नियम. खाली उतरावे तर डांबराची कड वीतभर उंच, आणि पलीकडे खडी. शनिवारी-रविवारी वरून पर्यटकांच्या मोटारी येतात त्या वेगळ्याच. आमच्या काकांनी चाळीस वर्षे सायकलवर टपाल वाटले आहे. ते म्हणाले, "आम्ही सायकल चालवायचो तेव्हा रस्ता अरुंद होता, पण आमचा होता. आता रुंद झालाय, आणि आम्हालाच जागा नाही." देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली, हे सरकारी आकडे सांगतात. तेव्हा काकांचे बोलणे नुसते म्हाताऱ्या माणसाचे गाऱ्हाणे म्हणून सोडून देता येत नाही.

कालव्याच्या काठाने

धोम धरणापासून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. कालव्याच्या देखरेखीसाठी काठाने कच्चा रस्ता असतो. एका शेतकरी दादांनी आम्हाला त्या वाटेने जायला सांगितले आणि आमचे डोळे उघडले.

पाणी आपल्या वजनाने वाहत जावे म्हणून कालवा डोंगराच्या उताराला धरून, अगदी थोडा उतार ठेवून खोदतात. त्यामुळे त्याच्या काठची वाट जवळजवळ सपाट असते. चढ नाही, उतार नाही, मोटार नाही. शिवाय कालवा गावागावाला पाणी देत जातो, म्हणून ती वाटही गावागावाच्या शिवारातून जाते. सायकलच्या रस्त्यासाठी कुणी मुद्दाम आखणी केली असती तरी याहून चांगली जमली नसती! जागा सरकारची आहे, नवी जमीन घ्यायला नको. मुरूम टाकून रोलर फिरवावा, वळणांवर आणि पाण्याच्या बाजूला कठडा घालावा, ओढ्यांवर लहान मोऱ्या बांधाव्यात, आवर्तन चालू असेल तेव्हा मुले पाण्याजवळ जाणार नाहीत अशी व्यवस्था करावी. पावसाळ्यानंतर दरवर्षी डागडुजी लागेल. तेवढे काम झाले तर पंचक्रोशीला सायकलचा हमरस्ता मिळेल.

ही कल्पना आमच्या डोक्यातूनच निघाली असे नाही. इंग्लंडात जुन्या कालव्यांच्या काठाने घोडे नावा ओढत नेत. त्याच वाटांवर आज सायकली चालतात. तिथे १९९५ साली राष्ट्रीय सायकल मार्गांच्या जाळ्यासाठी लॉटरीच्या निधीतून चार कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळाली, तेव्हा जुने रेल्वेमार्ग, कालव्यांचे काठ आणि गावरस्ते एकमेकांना जोडले गेले. जोडणे हेच यातले मुख्य काम. तुकड्या-तुकड्याने केलेला रस्ता कुणाच्या कामाचा नसतो. शाळेच्या अलीकडे अर्धा किलोमीटर संपणारी वाट मुलाला शाळेत पोहोचवत नाही.

लोहाऱ्याची लेणी

दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याला गेलो. गावाजवळची पालपेश्वर लेणी बौद्ध लेणी म्हणून ब्रिटिश काळापासून नोंदलेली आहेत. आज तिथे महादेवाची पूजा होते. डोंगराच्या मऊ दगडात कोरलेल्या त्या खोल्यांच्या थंडाव्यात आम्ही बराच वेळ बसलो. वर्षावासाचे तीन महिने सोडले तर भिक्खूंची चारिका पायीच चाले. तेव्हा या खोऱ्यात पायवाटांचे जाळे असणारच, आणि त्या वाटेवर चालणाऱ्याला रथासाठी बाजूला उतरावे लागत नसेल, असे ताई हसत म्हणाल्या.

परतताना एका वस्तीवर पाणी प्यायला थांबलो. जय भीम झाला, चहा झाला. वस्ती गावाच्या टोकाला, मुख्य रस्त्यापासून आत. अंगणात एक सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली. दोन्ही चाकांत हवा नाही, चेनवर गंज. ती आठवीतल्या मुलीची. आम्ही विचारले, "बाळ, सायकल का नाही नेत?" मुलगी काही बोलली नाही. आई म्हणाली, "रस्त्यावर सोडायची भीती वाटते ओ. एकदा ट्रॉलीच्या बाजूला पडली. तवापासून हे न्हाई म्हणतात. चालत जाते."

यात सर्व गोष्ट आली. जिल्हा परिषदा आपल्या उत्पन्नाचा २० टक्के भाग मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करतात, आणि त्यातून विद्यार्थिनींना सायकली देण्याची पद्धत जुनी आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या वस्त्यांतल्या अंतर्गत रस्त्यांनाही निधी येतो. म्हणजे सायकल मिळते, दारापुढचा रस्ता मिळतो. पण वस्तीपासून शाळेपर्यंतचे चार किलोमीटर कुणाच्याच हिशेबात बसत नाहीत. मग सायकल भिंतीला टेकून गंजत राहते.

कुणी म्हणेल, एसटी आहे की! आहेच, आणि ती हवीच. मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे, २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पण गाडी ठरल्या वेळी येते आणि ठरल्या फाट्यावरच थांबते. जादा तास झाला, तर शेवटची गाडी गेलेली असते. २०२१-२२ साली एसटी कामगारांचा संप कित्येक महिने चालला, तेव्हा खेड्यातल्या मुलांनी काय केले असेल ते आठवावे. दुसरे कुणी म्हणेल, आता घरोघरी मोटारसायकल आहे. खरे आहे. पण ती घरधनी सकाळी घेऊन जातो. मागे राहिलेली बायको, मुलगी आणि म्हातारे वडील पायीच असतात. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या पुढे गेले आहे, ते वेगळेच.

वाहनाचा प्रश्न जुना आहे

याच सातारा जिल्ह्यात १९०१ साली बाबासाहेब, त्यांचे बंधू आणि दोन भाचे वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघाले होते. मसूर स्टेशनावर उतरल्यावर मुलांची जात कळली आणि बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, अशा अटीवर गाडी मिळाली. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. खिशात पैसे होते, गाड्या उभ्या होत्या, तरी प्रवास दुसऱ्याच्या मर्जीवर होता.

पुढच्या पिढ्यांत आपल्या घरांत पहिली सायकल आली तिचे मोल म्हणूनच नुसत्या लोखंडाचे नव्हते. गिरणीत, कारखान्यात, शाळेत वेळेवर पोहोचवणारे आणि कुणाची परवानगी न लागणारे ते पहिले वाहन होते. ती सत्ता घरातल्या पुरुषाला मिळाली. मुलीला ती अजून पुरती मिळालेली नाही.

मिळाली की काय होते, याचा अनुभव आपल्याच देशात आहे. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिले आहे की लाखभर ग्रामीण स्त्रिया सायकलवर बसल्या, आणि त्यांत शेतमजूर होत्या, खाणीत काम करणाऱ्या होत्या. बिहारात २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तपासले, तर माध्यमिक शाळेतली मुलींची योग्य वयातली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली, आणि मुला-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झालेली आढळली. शाळा दूर असलेल्या गावांत हा फरक विशेष दिसला.

मागायचे काय?

पुण्यासाठी २०१७ साली सुमारे सव्वाआठशे किलोमीटरच्या सायकल मार्गांचा आराखडा मंजूर झाला. केंद्र सरकारने २०२० साली शहरांसाठी सायकलीची स्पर्धा काढली, तीत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड पुढे आली. हे चांगलेच झाले. पण सायकलची गरज तालुक्याच्या गावांना शहरांइतकीच आहे, आणि तिथे अजून कुणी आराखडा मागितलेलाही नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. ज्या वाहनावर एवढी घरे उभी आहेत त्याच्यासाठी रस्त्याच्या अंदाजपत्रकात रकाना नसावा, याचे नवल वाटते.

वाईपुरते आम्हाला सुचलेले असे. धोमच्या कालव्यांच्या काठच्या वाटा दुरुस्त करून गावांना जोडाव्यात. वाई-सुरूर आणि वाई-पाचगणी रस्त्यांच्या सपाट भागात डांबराच्या कडेला दोन्ही बाजूंनी मुरमाची पक्की पट्टी करावी. ट्रॉल्यांना मागे लाल परावर्तक पट्ट्या सक्तीच्या असाव्यात आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी त्या गावाबाहेर थांबाव्यात. एसटी स्थानकात, शाळांत आणि बाजारात छप्पर असलेले सायकल स्टँड असावे. मोठ्या गावांत पंक्चर काढणाऱ्याला गाळा द्यावा. तिथे एका मुलाला रोजगार मिळेल, आणि भिंतीला टेकलेल्या सायकली चालू होतील.

याला उड्डाणपुलाइतका पैसा लागत नाही. लागते ती मागणी. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा भरतात. वाचक बंधू-भगिनींनी पुढच्या ग्रामसभेला जाताना आपल्या वस्तीपासून शाळेपर्यंतचे अंतर मोजून न्यावे, वाटेतल्या धोक्याच्या जागा कागदावर उतरवून न्याव्यात, आणि ठराव लिहून घ्यावा. बायकांनी स्वतः उठून बोलावे, कारण चालणाऱ्यांत त्याच अधिक आहेत.

आणि ज्यांच्या घरी सायकल भिंतीला टेकून आहे, त्यांनी ठरावाची वाट न पाहता रविवारी तिच्यात हवा भरावी. वस्तीतल्या पाच-सहा मुलींनी मिळून शाळेत जायला सुरुवात करावी, पुढे-मागे एक-दोन मोठी माणसे असावीत. पाच-सहा सायकली एकत्र दिसल्या की ट्रॉलीवाल्यालाही वेग कमी करावा लागतो.