दाराविना घर, घराविना दार

गेल्या सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीची यात्रा आटोपून परतताना, धर्मग्रामातील काही कुटुंबांसह आम्ही वाट वाकडी करून शनिशिंगणापूरला गेलो. तेथील देवस्थानाविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे कुतूहल होते ते घरांविषयी. नेवासे तालुक्यातील या गावात घरांना चौकटी आहेत, पण पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दारे बसविलेली नाहीत. नव्या इमारतींत आता काही दारे दिसतात, तरी जुन्या वस्तीत चौकटीवर पडदा तेवढा हलत असतो. युको बँकेने २०११ च्या जानेवारीत येथे शाखा उघडली तीही कुलपाविना. पोलीस ठाणे आले ते २०१५ साली.

आमच्यासोबत एक वृद्ध गृहस्थ होते. ते एका चौकटीसमोर बराच वेळ उभे राहिले. ते का थांबले हे आम्हाला ठाऊक होते आणि त्यात आमचाही दोष होता.

त्याच वर्षीच्या मे महिन्यातील गोष्ट. या गृहस्थांच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. आखातातून लेक-जावई आले होते. सर्वांनी मिळून तीन दिवस अलिबागकडे एखादा बंगला घेऊन राहावे असा बेत ठरला. धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका बंगल्याची जाहिरात फिरत होती. आंब्याची झाडे, पोहण्याचा तलाव, आणि भाडे आजूबाजूच्या निम्मे. ती जाहिरात गटावर आम्हीच पुढे पाठविली होती. कोणीतरी आम्हाला धाडली, आम्ही सद्‌हेतूने सर्वांना धाडली. ‘फादरांनी पाठवलंय म्हणजे खात्रीचंच असणार,’ असे त्या घरात म्हटले गेले. हे आम्हाला नंतर कळले.

फोनवरचा ‘मालक’ मोठा गोड बोलला. दुसरी पार्टी तयार आहे, संध्याकाळपर्यंत पैसे आले तर बंगला तुमचा, असे त्याने सांगितले. अठरा हजार रुपये गेले. पैसे पाठविताना पडद्यावर भलतेच नाव आले. ‘ते मेव्हण्याचं खातं आहे,’ असे उत्तर मिळाले. मंडळी पोहोचली तेव्हा बंगला होता, आंबेही होते, परंतु रखवालदार म्हणाला, “हा बंगला भाड्यानं देत नाहीत. या महिन्यात तुमच्यासारखी आलेली ही तिसरी गाडी.” पुन्हा फोन लावला, तर पलीकडून सांगितले गेले की पैसे परत करतो, हे चिन्ह स्कॅन करून पिन टाका. जावयाने टाकला. आणखी दहा हजार गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो लागतो देण्यासाठी. एवढी साधी गोष्ट त्या उन्हात कोणाला सुचली नाही.

याहून वाईट पुढेच घडले. आजोबांनी चार दिवस कोणालाही काही सांगितले नाही. लाज! १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केली असती तर पैसे पुढच्या खात्यांत पळण्याआधी रोखले जाण्याची शक्यता होती. चोराने पैसे नेले. वेळ मात्र लाजेने नेला. आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर सर्वांसमोर ती जाहिरात आमच्याच हातून गेल्याचे सांगितले. त्यानंतर आणखी दोन कुटुंबे हळूच येऊन भेटली. त्यांचेही असेच झाले होते.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये अशाच फसवणुकीचा इशारा दिला होता; यात्रेकरूंसाठीची अतिथिगृहे, हॉटेले, सहली यांच्या खोट्या संकेतस्थळांविषयी. शिंगणापूरही त्यातून सुटले नाही. देवस्थानच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळल्याचे प्रकरण २०२५ सालीच उघडकीस आले, विधानसभेत गाजले, गुन्हा दाखल झाला. ज्या गावात दाराला कुलूप नाही, त्या गावाचे नाव लावून चोरांनी दुकान थाटले!

आणि कुलपाचेच म्हणाल तर, वाचकहो, संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या लहानशा कुलपावर आम्हीही भाबडेपणाने विसंबत होतो. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्यापासून तेथवरचा रस्ता बंदिस्त आहे. तेथे बसलेला मनुष्य साव की चोर, हे ते सांगत नाही. लोकांचा हा गैरसमज पाहून गूगलने आपल्या क्रोममधून ते चिन्ह २०२३ साली काढूनच टाकले.

यात्रेसाठी श्रीरामपुरात मुक्कामाची जागा ठरविताना म्हणूनच आम्ही चेंगटपणा केला. छायाचित्रे उलट शोधून पाहिली; एका जागेचे दिवाणखान्याचे चित्र भलत्याच शहरातील हॉटेलचे निघाले. दुसऱ्या मालकाला व्हिडिओवर फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत चालत जायला सांगितले. तो हसला, पण चालला. मग तेथील परिचितांना विचारले. समोरच्या दुकानदारालाही तो ठाऊक होता. खात्यावर त्याचेच नाव आले तेव्हा थोडी आगाऊ रक्कम पाठविली, उरलेली पोहोचल्यावर. बेत रद्द झाल्यास किती परत मिळेल, हे लेखी घेतले. ओळखपत्र म्हणून आधारची मागितलेली प्रत शेवटचे चारच अंक दिसतील अशी दिली. बुकिंगच्या मोठ्या संकेतस्थळावरून जागा घेणाऱ्याने तर पैसे तेथेच भरावेत. ‘बाहेरून द्या, स्वस्त पडेल’ असे ऐकले की फोन ठेवावा. या सगळ्याला दोन संध्याकाळी लागल्या. आमच्या स्वयंपाकिणीला वाटले, फादर घर विकत घेताहेत.

तर, ते आजोबा. चौकटीतून एक बाई बाहेर आली. आजोबांनी विचारले, “रात्री कोणी परका आत शिरला तर?”

“फळी लावतो की आडवी,” ती म्हणाली.

“फळीनं चोर थांबतो?”

“फळी कुत्र्यासाठी हो, बाबा. माणसाला शेजारी बघतात. तुम्ही मघापासून इथं उभे आहात, ते समोरच्या म्हातारीनंच मला हाक मारून सांगितलं.”

आम्ही वळून पाहिले. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती. तिने आमच्या पांढऱ्या झग्याकडे निरखून पाहिले आणि मोठ्याने विचारले, “कुठले हो तुम्ही?”