न मिळालेलें विंबल्डन

थोर खेळाडूंचीं चरित्रें मी आवडीनें वाचतों; परंतु ज्यांनीं सर्व कांहीं जिंकलें त्यांच्यापेक्षां, ज्यांच्या हातून एखादी मोठी गोष्ट अखेरपर्यंत निसटत राहिली त्यांच्या चरित्रांत माझें मन अधिक रमतें. जो सर्वत्र जिंकला त्याच्याविषयीं आपणांस आश्चर्य वाटतें, आणि आश्चर्य करून आपण पुस्तक मिटतों. ज्याच्या वांट्यास यशाबरोबर उणीवही आली तो मात्र आपल्यासारख्या सामान्य माणसांस जवळचा वाटतो. ऑस्ट्रेलियांतील टेनिसपटु केन रोझवॉल मला असाच वाटत आला आहे. त्याची हकीकत आपल्या वाचकांस, विशेषतः यंदा शाळा सोडून जाणाऱ्या मुलामुलींस व त्यांच्या आईबापांस सांगावी, असें बरेच दिवस मनांत होतें.

रोझवॉलचा जन्म २ नोव्हेंबर १९३४ रोजीं सिडनी शहरांत झाला. बापाचें किराणा मालाचें दुकान होतें. केन एक वर्षाचा असतांना हें कुटुंब शहराच्या रॉकडेल भागांत राहावयास गेलें आणि तेथें बापानें मातीचीं तीन टेनिसचीं मैदानें विकत घेतलीं. मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हां आंखूड केलेली एक रॅकेट त्याच्या हातीं देण्यांत आली. पहांटे उठून बापलेक सराव करीत. आणि तोही कसा, तर एकच फटका आठवडेच्या आठवडे. मूल जात्या डावखुरें होतें, परंतु बापानें त्यास उजव्या हातानें खेळावयास शिकविलें. किराणा तोलणाऱ्या त्या गृहस्थानें मुलाच्या खेळांतही तराजूची शिस्त आणली, असें मला हें वाचतांना वाटलें.

मोठेपणींही रोझवॉलची उंची पांच फूट सात इंचच राहिली व बांधा किरकोळच राहिला. सोबत्यांनीं थट्टेनें त्याचें नांव 'मसल्स', म्हणजे पिळदार स्नायूंचा गडी, असें ठेविलें होतें. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, त्यांतलाच हा प्रकार! त्याच्या सर्व्हिसमध्यें दरारा असा नव्हता. पण त्याचा बॅकहँड अवघ्या जगांत वाखाणला गेला. रॅकेट वरून खालीं किंचित् तिरकी उतरवून तो चेंडू असा कापीत असे कीं, चेंडू जाळ्यावरून जेमतेम निघून पलीकडे पडे आणि उसळण्याऐवजीं जमिनीलगत सरपटत जाई. प्रतिस्पर्ध्यास गुडघे वांकवून तो उचलावा लागे. तोंवर हा पुढच्या फटक्याच्या जागीं जाऊन उभा! संध्याकाळीं आमच्या मैदानावर मी मुलांस खेळवितों तेव्हां पाहतों कीं, प्रत्येकास आधीं दणदणीत सर्व्हिस हवी असते. पाय योग्य जागीं नेण्याची विद्या शिकावयास कोणी उत्सुक नसतो. कारण त्या विद्येस टाळ्या पडत नाहींत. रोझवॉलची सारी पुंजी ही टाळ्या न पडणारी विद्याच होती.

यश त्यास लवकर आलें. १९५३ सालीं, अवघ्या अठराव्या वर्षीं, त्यानें ऑस्ट्रेलियाचें व फ्रान्सचें अशीं दोन्ही अजिंक्यपदें मिळविलीं. त्याच शहरांत त्याच्यापेक्षां तीन आठवड्यांनीं लहान असा ल्यू होड हा त्याचा जोडीदार होता. दोघांनीं मिळून १९५३ व १९५६ सालीं विंबल्डनचें दुहेरीचें अजिंक्यपद जिंकलें. एकेरीचें मात्र वेगळें झालें. १९५४ सालीं रोझवॉल विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत पोंचला; तेथें यारोस्लाव्ह ड्रोब्नी या अनुभवी खेळाडूनें त्यास हरविलें. तेव्हां वय एकोणीस. पुढें संधि पुष्कळ येतील असें कोणासही वाटलें असतें. १९५६ सालीं तो पुन्हां अंतिम सामन्यांत आला आणि या वेळीं होडकडून हरला. त्याच वर्षीं अमेरिकेंत त्यानें होडला हरविलें व एकाच वर्षांत चारही मोठीं अजिंक्यपदें जिंकण्याचा होडचा बेत शेवटच्या पायरीवर मोडला.

येथें त्याच्या आयुष्यांतील मोठा निर्णय येतो. त्या काळीं टेनिसच्या जगांत हौशी आणि धंदेवाईक अशा जणूं दोन जाती होत्या. विंबल्डन, फ्रान्स, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील चारही मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या. खेळून उघडपणें पैसा घेणारा धंदेवाईक ठरे आणि त्यास या पंक्तीस बसण्याची कायमची बंदी होई. प्रवासखर्चाच्या नांवाखालीं हौशी खेळाडूंस गुपचूप पैसे मिळत, ही गोष्ट सर्वांस ठाऊक होती. पण जें झांकलेलें तें सोंवळें आणि जें उघड तें ओंवळें, असा न्याय होता. रोझवॉलचें लग्न १९५६ सालींच झालें होतें. वर्ष संपतांना त्यानें जॅक क्रेमर यांच्या धंदेवाईक मंडळाशीं करार केला. वय बावीस, विंबल्डनचें एकेरीचें पद हातीं नाहीं, आणि सही केल्यावर तेथील दार बंद होणार हें स्पष्ट दिसत असतांना त्यानें सही केली.

मला हा निर्णय लोभाचा वाटत नाहीं. ज्या कामांत आपलें शरीर व आयुष्य खर्ची पडतें त्याचा मोबदला चारचौघांदेखत मागून घेणें आणि त्याची किंमतही चारचौघांदेखत मोजणें, यांत लाज कसली? लाज असलीच तर ती मागच्या दारानें दिलेल्या पाकिटांत होती.

ती किंमत लहान नव्हती. पहिल्याच वर्षीं, १९५७ सालीं, पांचो गोन्झालिस या त्या काळच्या धंदेवाईकांतील अग्रणीशीं त्याची सामन्यांची लांबलचक मालिका झाली. त्यांत रोझवॉलनें २६ सामने जिंकले आणि ५० हरले. हौशी जगांतील अजिंक्यवीराला दर तीन सामन्यांतील जवळजवळ दोन हरावे लागले. हे सामने हिरवळीवर राजेरजवाड्यांसमक्ष होत नसत. आज एका गांवीं, उद्यां दुसऱ्या. कोठें लांकडी जमिनीच्या सभागृहांत, कोठें अन्यत्र. बरोबर आणलेलें कॅनव्हासचें मैदान अंथरावयाचें, रात्रीं दिव्यांच्या उजेडांत खेळावयाचें, पुन्हां गुंडाळावयाचें आणि वाटेस लागावयाचें. आपल्याकडील तमाशाच्या किंवा सर्कशीच्या फडासारखेंच तें जिणें. वर्तमानपत्रांचें लक्ष विंबल्डनकडे, आणि खरे वस्ताद फिरतीवर!

या फिरतीवरच रोझवॉल वाढला. धंदेवाईकांच्या ज्या तीन स्पर्धा मोठ्या समजल्या जात, त्यांपैकीं लंडनमधील वेंब्ली येथें तो पांच वेळां, फ्रान्समध्यें आठ वेळां आणि अमेरिकेंत दोन वेळां विजयी झाला. १९६३ सालीं तर तिन्ही एकाच वर्षांत त्याच्या झाल्या. आदल्या वर्षीं रॉड लेव्हरनें हौशी जगांतील चारही मोठीं पदें जिंकलीं होतीं व मग तो धंदेवाईक झाला होता. १९६३ च्या आरंभीं ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें झालेल्या १३ सामन्यांपैकीं ११ सामन्यांत रोझवॉलनें त्या लेव्हरला हरविलें. म्हणजे ज्या वर्षांत जगानें दुसऱ्यांस अजिंक्यवीर म्हणून गौरविलें, त्यांतील कित्येक वर्षें खेळांत सरस असा हा मनुष्य पंक्तीबाहेर उभा होता. १९५७ पासून १९६७ पर्यंतच्या अकरा वर्षांत दरसाल चार या हिशेबानें ४४ मोठ्या स्पर्धा त्याच्याविना झाल्या. बावीस ते तेहेतीस हीं खेळाडूच्या आयुष्यांतील ऐन बहराचीं वर्षें होत.

या ठिकाणीं मला एका पालकांची आठवण होते. गवंडीकामावर मुकादम असलेले हे गृहस्थ एकदां शाळेंत आले. त्यांचा मुलगा दहावींत होता व टेनिस चांगलें खेळे. त्यांनीं सरळच विचारलें, "सर, खेळून पोट भरतें काय, एवढें मला सांगा." प्रश्नांत रोष नव्हता, काळजी होती. मीं सांगितलें, "भरतें, पण हजारांत एकाद्याचें, आणि त्यालाही त्याची मोठी किंमत द्यावी लागते." मग मीं त्यांना रोझवॉलची ही गोष्ट सांगितली. ती त्यांनीं शांतपणें ऐकून घेतली. विंबल्डनपेक्षां त्या किराणा दुकानदाराच्या पहांटेच्या सरावानें त्यांचें लक्ष अधिक वेधिलें. जातांना ते म्हणाले, "म्हणजे बापालाही उठावें लागतें तर!" त्यांच्या मुलानें पुढें वीजतंत्र्याचें शिक्षण घेतलें. तो व्यवसायानें खेळाडू झाला नाहीं. परंतु त्याचा खेळ सुटला नाहीं आणि सुट्टीच्या दिवशीं तो धाकट्या मुलांस शिकवावयास येतो. त्याच्या वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर मीं पुरें दिलें असें मला वाटत नाहीं. पण तो प्रश्न योग्य होता, आणि प्रत्येक आईबापानें तो विचारावा. मात्र उत्तर ऐकावयास थांबावेंही.

आतां पुढची हकीकत. १९६७ च्या ऑगस्टमध्यें विंबल्डननें आठ धंदेवाईक खेळाडूंस आपल्या मैदानावर बोलाविलें. अकरा वर्षांनीं रोझवॉल तेथें उतरला व अंतिम सामन्यांत लेव्हरकडून हरला. पुढच्याच वर्षीं जुना भेद मोडला आणि स्पर्धा सर्वांस खुल्या झाल्या. एप्रिल १९६८ मध्यें इंग्लंडांत बोर्नमथ येथें जी पहिली खुली स्पर्धा झाली, ती रोझवॉलनें लेव्हरला हरवून जिंकली. बक्षीस एक हजार पौंड; या वेळीं उघड आणि सन्मानानें. त्याच उन्हाळ्यांत पॅरिस येथें तो फ्रान्सचा अजिंक्यवीर झाला. याच शहरांत हेंच पद त्यानें पंधरा वर्षांपूर्वीं जिंकलें होतें! १९७० सालीं अमेरिकेचें पद चौदा वर्षांनीं पुन्हां त्याच्याकडे आलें. १९७१ व १९७२ सालीं ऑस्ट्रेलियाचें. या शेवटच्या विजयाच्या वेळीं त्याचें वय ३७ होतें. त्यानंतर पन्नास वर्षें लोटलीं तरी त्या वयांत पुरुष एकेरीचें असें मोठें पद दुसऱ्या कोणास मिळालें नव्हतें.

आणि विंबल्डन? १९७० सालीं तो तिसऱ्यांदा अंतिम सामन्यांत आला आणि पांच सेट झुंजून जॉन न्यूकमकडून हरला. सर्वांस वाटलें, संपलें. परंतु १९७४ सालीं, एकोणचाळिसाव्या वर्षीं, तो पुन्हां आला. वाटेंत त्यानें त्याच न्यूकमला हरविलें. उपान्त्य सामन्यांत पहिले दोन सेट गमावल्यावर स्टॅन स्मिथला हरविलें. अंतिम सामन्यांत समोर एकवीस वर्षांचा जिमी कॉनर्स होता. रोझवॉल विंबल्डनचा पहिला अंतिम सामना खेळला तेव्हां हा कॉनर्स दोन वर्षांचाही नव्हता. त्यानें ६–१, ६–१, ६–४ असा सामना जिंकला. वीस वर्षांत चार वेळां अंतिम सामना आणि चारही वेळां पराभव! पुढें त्याच वर्षीं अमेरिकेंतही तो अंतिम सामन्यापर्यंत गेला व कॉनर्सकडूनच याहूनही वाईट हरला. तरी तो खेळत राहिला. १९७७ सालीं हाँगकाँग येथील स्पर्धा त्यानें जिंकली तेव्हां त्याचें वय ४३ होतें.

"ज्यास विंबल्डन मिळालें नाहीं तो थोर कसा?" असें एका विद्यार्थिनीनें मला वर्गांत विचारलें होतें. तिला दोष देतां येत नाहीं. आपण मोठी माणसेंच मुलांस तसें शिकवितों. सभागृहांतील फलकावर सोनेरी अक्षरांनीं पहिल्या आलेल्यांचीं नांवें असतात. घरींही निकालाच्या दिवशीं एकच आंकडा विचारला जातो. तीं नांवें तेथें असावींत. त्यांनीं कष्ट केलेले असतात. परंतु इतक्या वर्षांच्या अध्यापनांत मीं पाहिलें आहे कीं, त्या फलकावर ज्यांचीं नांवें नाहींत अशीं माझीं कित्येक मुलें आज रुग्णालयांत रात्रपाळी करतात, यंत्रें दुरुस्त करतात, टपाल वांटतात, गांवच्या शाळेंत शिकवितात. आणि त्यांचें काम असें चोख असतें कीं, त्यांच्या हातांत आपलें काम सोंपवून मनुष्य निर्धास्त घरीं जातो. त्यांना मीं कोणत्या तोंडानें अयशस्वी म्हणावें?

रोझवॉलला विंबल्डन मिळालें नाहीं याचें वाईट वाटूं नये, असें मी म्हणत नाहीं. वाईट वाटावें. जें खरोखर मोलाचें आहे तें न मिळणें ही हानि आहे आणि गोड शब्दांनीं ती भरून निघत नाहीं. पण बावीसाव्या वर्षीं जी निवड त्यानें केली तिची किंमत त्यानें पुरी मोजली. आणि पाहणारे थोडे असोत कीं पुष्कळ, रॅकेट उचलून तो आपल्या कामास उभा राहिला. म्हणूनच दार उघडलें त्या दिवशीं तो आंत जाण्यास तयार होता. फिरतीच्या त्या अकरा वर्षांत त्यानें खेळ ढिला पडूं दिला असता, तर १९६८ सालीं उघडलेलें दार त्याच्या काय उपयोगी पडतें?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं कांहींजणांस हवें तें मिळेल आणि कांहींजणांस मिळणार नाहीं; तें आगाऊ कोणी सांगूं शकत नाहीं. पण जें काम पतकराल त्याचा मोबदला उघडपणें घ्या, त्याची किंमत विचारपूर्वक मोजा, आणि कोणी पाहत नसतांनाही तें नीट करा. आणि पालकहो, मुलाच्या हातीं रॅकेट द्या, पुस्तक द्या, करवत द्या. परंतु शक्य होईल तेव्हां पहांटे त्याच्याबरोबर उठाही. सिडनीच्या त्या दुकानदारानें एवढेंच केलें होतें, आणि तें पुष्कळ होतें.