गेम खेळायला बाहेरचा गाईड का लागावा?

परवा रात्री जेवणं आटपल्यावर मुलगा ऑनलाईन गेम खेळत बसला होता. हातात त्याचा मोबाईल, आणि समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला माझा. माझ्या मोबाईलवर कुणीतरी इंग्रजीत सांगत होता, आता कुठे वळायचं, कुणाशी बोलायचं, कुठली तलवार विकायची नाही.

म्हटलं, "ह्यां कित्याक?"
"बाबा, ह्येच्याशिवाय खेळूकच येना नाय."

शेजारचा मुलगाही त्याच्यासोबत खेळायचा. मराठी शाळेतला, डोक्याने हुशार. त्याने महिनाभर कमावलेले पॉइंट भलत्याच कौशल्यावर घातले. ते परत मिळत नाहीत, हे गेमने कुठेच सांगितलं नव्हतं. ते बाहेरच्या इंग्रजी गाईडमध्ये होतं. पोराने गेम सोडला. "माका जमना नाय," एवढंच म्हणाला. मला तेच लागलं. चूक गेमची आणि कमीपणा घेतला पोराने.

काही जण म्हणतात, सगळं सांगितलं तर मजा काय? मान्य. शोधण्यात मजा असतेच. आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याचंच बघा. १६६४ साली बांधकाम सुरू झालं. तटाची वळणं अशी की अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. पण तो लपवला शत्रूपासून. गेमवाल्याने दरवाजा कुणापासून लपवलाय? खेळायला आलेल्या पोरांपासूनच?

कोडं अवघड असावं, नियम लपलेले नसावेत. दशावतारात पात्रांना लिहिलेली संहिता नसते, संवाद रंगमंचावरच सुचतात. तरी जत्रेत पहिल्यांदाच बसलेल्या पाहुण्याला कोण राजा नि कोण राक्षस, हे विचारावं लागत नाही. खेळ स्वतःच सांगतो.

आणि हे गेममध्येही जमतं. २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये काम कुठे करायचं ते शोधायला लोक बाहेरच्या वेबसाईट उघडून बसायचे. २००९ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने ती ठिकाणं गेमच्याच नकाशावर दाखवायला सुरुवात केली. म्हणून काही गेम बंद पडला नाही.

मित्राला विचारणं वेगळं, त्यात गप्पा होतात. ज्याला हौस आहे त्याने गाईडही खुशाल बघावा. पण त्याच्याशिवाय पाऊलच टाकता येत नसेल, तर तो गेम अर्धवट आहे असंच मी म्हणेन.

आपण मोठी माणसं साध्या दाखल्यालाही फॉर्म भरून देणारा शोधतो. ती सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. पोरांना निदान खेळताना तरी ती लागू नये.

शेजारच्या पोराला उद्या बोलावलंय. आधी त्याला सांगणार, "तुझा काय चुकला नाय रे."

तुमच्या घरात काय चाललंय? सांगा.