रावेरचा उंबरठा आणि फोटोचा कागद

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की सावदा, निंभोरा आणि मग रावेर लागतं. खिडकीतून बघावं तिकडे केळीच केळी! उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, दक्षिणेला तापी. रावेर सोडलं, की थोड्याच वेळात मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर येतं. म्हणजे रावेर हा आपल्या राज्याचा उंबरठाच म्हणा ना!

या उंबरठ्यावरून केळी बाहेर जातात आणि माणसं आत येतात. घड कापायला, वाहायला, गाडी भरायला. काही पालकडच्या डोंगरपाड्यांवरची, तर काही मध्य प्रदेशातून आलेली पावरा-बारेला कुटुंबं. गाव लांब, बोली वेगळी. ठरलेली मजुरी मिळाली नाही, तर एकट्यानं दाद मागायची कुणाकडे?

हा प्रश्न फार जुना आहे बरं का! त्यासाठी आपल्याला रावेरहून थेट समुद्रापार जावं लागेल. हिंदी महासागरात मॉरिशस नावाचं बेट आहे. तिथं इंग्रजांचं राज्य होतं. १८३४ पासून उसाच्या मळ्यांत राबायला भारतातून लाखो मजूर करारावर तिथं नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसंही होती. करार संपला, तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्यानं सक्ती केली, की फोटो लावलेला पास सतत जवळ हवा. नसला, की पोलीस पकडणार!

१८७१ साली हे मजूर एकत्र आले. अडॉल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या मळेवाल्यानं त्यांना अर्ज लिहून दिला. त्यावर सह्या किती झाल्या असतील? तब्बल ९,४०१! बाकीचे मळेवाले खवळले. प्लेव्हित्झना बेटाबाहेर घालवा, म्हणाले. पण अर्ज काही दडपता आला नाही. १८७२ मध्ये चौकशी आयोग आला आणि १८७८ मध्ये मजुरांचा कायदा बदलला. सगळा जुलूम एका दिवसात संपला नाही. पण एकट्याचं जे कुणी ऐकत नव्हतं, ते ९,४०१ जणांचं ऐकावं लागलं.

आता गंमत बघा. १९७९ साली आपल्या संसदेनं परराज्यात कामाला जाणाऱ्या मजुरांसाठी कायदा केला. त्यातही फोटो लावलेलं पासबुक होतं! पण ते ठेकेदारानं मजुराला द्यायचं होतं आणि त्यात मजुरी किती, कापले किती, हे सारं लिहायचं होतं. मॉरिशसचा कागद मजुराला पकडायला होता. हा त्याचं राखायला. मात्र कायद्यात लिहिलं, म्हणून कागद आपोआप हाती पडत नव्हता. तो मागावा लागायचा, आणि तोही मिळून.

मग आपण काय करायचं? तुमच्या घरातलं कुणी मजुरीला जात असेल, तर एक वही करा. तारीख, काम कुठे केलं, मजुरी किती ठरली, किती मिळाली, रोज लिहा. शेजाऱ्यांनाही सांगा. चार वह्यांत एकच तक्रार निघाली, तर चौघांनी मिळून बोलायला जावं. तुमच्या शेतात मजूर येत असतील, तर तुमच्या वहीतही तेच खरे आकडे असू द्या.

आणि हो, वर्गात पावरी बोलणारा नवा मुलगा आला, तर त्याला आपल्या बाकावर जागा द्या. त्याच्या घरची वही त्यालाच तर लिहायची आहे!