अष्टापदाचा बर्फ



सध्या आमच्या घरात जवसाच्या तेलाचा वास भरला आहे. तेलरंगात कैलास रंगवते आहे. आदिनाथ भगवानांचे निर्वाण अष्टापदावर झाले, आणि आपल्यात बरेच जण कैलासालाच अष्टापद मानतात. सासूबाईंच्या गुडघ्यांना ती यात्रा झेपणारी नाही, म्हणून चित्र त्यांनीच मागितले.

सामान आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "हा ब्रश कशाच्या केसांचा गं?"

अगदी बरोबर प्रश्न. तेलरंगाचे ताठ ब्रश परंपरेने डुकराच्या केसांचे असतात, मऊ सेबल मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीचे. 'आयव्हरी ब्लॅक' हा काळा रंग जाळलेल्या हाडांचा. कॅनव्हासला पूर्वी सशाच्या कातड्याचा सरस लावत. जेलीच्या पाकिटावर आपण जिलेटिन शोधतो, मग इथे का नाही? मी ब्रश नायलॉनचे घेतले, कॅनव्हास ॲक्रिलिक जेसो लावलेला. काळा आणलाच नाही. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळला की जो गडद रंग होतो, तो खडकाला जास्त शोभतो. तेल तर आपल्या चटणीतल्या जवसाचेच!

बर्फ मात्र नुसता पांढरा नसतो. उन्हाच्या बाजूला टिटॅनियम व्हाइटमध्ये पिवळ्याचा कण, सावलीत निळसर. कैलासाच्या दक्षिण अंगाला खडकाचे आडवे थर आहेत, त्यांवर बर्फ साचून पायऱ्यांसारखे दिसते. आठ पायऱ्यांचा म्हणून अष्टापद. मी मोजून आठ काढल्या नाहीत, दिसल्या तशा काढल्या. सासूबाईंनी मोजल्या!

जिवांची खरी काळजी रंगवून झाल्यावर सुरू होते. तेलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होतो. जाड पांढऱ्या थराला आठवडाही पुरत नाही. तोवर दिव्याकडे आलेले चिलट त्यावर बसले की सुटत नाही. म्हणून हे काम चातुर्मासात काढायचेच नाही. मी माघात काढले, तेही दिवसाउजेडी. चौविहाराआधी ब्रश पुसून ठेवते. रात्री चित्रावर चौकटीला ताणलेली मलमल, रंगाला न टेकेल अशी. मच्छरदाणीच्या जाळीतून बारीक चिलटे आत जातात.

वॉर्निशही बघून घ्या. लाखेचे नको, लाख किड्यांपासून येते, ॲक्रिलिकचे मिळते. ते लावायला साधारण सहा महिने थांबावे लागते, म्हणजे नेमका श्रावण. तेव्हा आमचे वॉर्निश आता कार्तिकी पौर्णिमेनंतरच.