धुळाक्षरांचा पंडित

ग्रानादाला जाणारा प्रवासी अल्हाम्ब्रा डोळे भरून पाहतो आणि दमल्या पायांनी खाली शहरात उतरतो. मीही उतरलो, पण माझी खरी ओढ खालच्या एका अरुंद गल्लीची होती. तिच्या एका अंगाला राणी इसाबेला आणि राजा फर्दिनांद यांचे समाधिमंदिर आहे, आणि अगदी समोर सुलतान पहिला युसूफ याने १३४९ मध्ये स्थापलेला मदरसा! इमारतीचे तोंड अठराव्या शतकातले. आत मात्र नमाजाची जुनी खोली अजून उभी आहे.

त्या खोलीत मला आठवला तो अबुल हसन अली अल्-कलसादी. ग्रानादाच्या ईशान्येला बासा नावाचे गाव आहे, तिथे १४१२ मध्ये तो जन्मला आणि पुढे या शहरात शिकला. तो मालिकी पंथाचा धर्मशास्त्री, आणि गणितीही. कायदा आणि गणित ही जोडी आपल्याला विजोड वाटते. पण वारसाहक्काचा एखादा तंटा घ्या. गृहस्थ वारला, मागे पत्नी, आई, एक मुलगा, एक मुलगी. शास्त्राप्रमाणे पत्नीला अष्टमांश, आईला षष्ठांश, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. मिळकतीचे २४ भाग केले तर पत्नीचे ३, आईचे ४, उरले १७. त्यांना ३ ने भाग जाईना. मग ७२ भाग करा: पत्नीला ९, आईला १२, मुलाला ३४, मुलीला १७. त्यातच वाटणीपूर्वी एखादा वारस दगावला, की त्याचा हिस्सा पुन्हा त्याच्या वारसांत! चुकीचा अपूर्णांक म्हणजे एखाद्या विधवेच्या तोंडचा घास. ‘वारस’ काय, ‘हिस्सा’ काय, आपल्याही भाऊबंदकीचे हे शब्द अरबीच की!

त्याच्या एका ग्रंथाच्या नावात ‘हुरूफ अल्-गुबार’ असे शब्द आहेत. गुबार म्हणजे धूळ, हुरूफ म्हणजे अक्षरे. चक्क धुळाक्षरे! भारतातून निघालेले अंक अरबांकडून तिथवर गेले, आणि धूळपाटीवर लिहायचे म्हणून त्यांना हे नाव पडले. मराठीच्या मास्तराला याहून मोठा आनंद कोणता? बीजगणितात तो अज्ञात संख्येसाठी ‘शै’, म्हणजे ‘वस्तू’, या शब्दाचे आद्याक्षर लिही. या चिन्हांचा जनक म्हणून पूर्वी त्याचा गौरव होई. पण मगरिबात ती त्याच्या आधीपासून रूढ होती. म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. सुबोध पाठ्यपुस्तक लिहिणे किती कठीण, हे शिकवणाऱ्यालाच कळते.

तरुणपणी तो तिलिमसान, ट्युनिस, कैरो करीत मक्केला गेला. सुमारे १५ वर्षांनी परतला आणि आपल्या गुरूंच्या आठवणींनी भरलेले प्रवासवर्णन त्याने लिहिले. पण कास्तिलचे सैन्य जवळ येत चालले, तसे उतारवयात त्याला पुन्हा निघावे लागले. या खेपेला परतीची वाट नव्हती. १४८६ मध्ये ट्युनिसियातल्या बेजा गावी त्याने देह ठेवला. १४८९ मध्ये त्याचे बासा पडले, १४९२ मध्ये ग्रानादा. पुढे काही वर्षांतच, मदरशापासून चालत जाण्याजोग्या बिब-रांब्ला चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली. कलसादीची पुस्तके मात्र समुद्रापलीकडे पोचली होती. उत्तर आफ्रिकेतली मुले पिढ्यान्‌पिढ्या त्यांवरून हिशेब शिकत राहिली.