उलाळ नको, धुरजडही नको

ट्रॉली दारात आली की मी आधी तिची कडी बघतो. रंग, फाळके, टायर सगळं नंतर. दांड्याच्या टोकाची ही लोखंडी कडी ट्रॅक्टरच्या हुकात पिनेवर बसते, आणि ट्रॉली आजवर कशी चालत आली ते कडीच्या आतल्या झिजेवर उमटलेलं असतं. ट्रॉली सपाट चालली असेल तर कडीचं भोक पुढच्या अंगाला वरपासून खालपर्यंत सारखं झिजतं. तोंड वर करून चालली असेल तर वरची कड तेवढी चकाकते आणि खालच्या कडेवर गंज तसाच राहतो. नाक खाली घालून चालली असेल तर याच्या उलट. मालक काहीही सांगो, कडीची साक्ष फिरत नाही.

हदगावात ट्रॉली दुरुस्तीचं माझं काम दसऱ्याच्या आधी वाढतं. इसापूर धरणाचं पाणी कालव्यानं शिवारात आलं तसा या पट्ट्यात ऊस वाढला, हळद आणि केळी वाढली. माल वाढला तशा ट्रॉल्याही. कुणाचा ऊस अर्धापूरकडच्या भाऊराव चव्हाण कारखान्याला जातो, कुणाचा वसमतच्या पूर्णाला, तर कुणाचा पैनगंगा ओलांडून पोफाळीच्या वसंतला. त्यामुळे माझ्या कोब्यावर नांदेडच्या एमएच २६ च्या शेजारी हिंगोलीची ३८ आणि यवतमाळची २९ पासिंगची ट्रॉलीही उभी असते. गळीत हंगामाची मोळी पडायच्या आधी वेल्डिंग, बेअरिंग, टायर उरकून घ्यायचे असतात. त्यातच एक तक्रार हमखास येते : "मिस्त्री, नवीन ट्रॅक्टर घेतल्यापासून ट्रॉली मागं बसू लालीय."

ट्रॉलीत काही बिघडलेलं नसतं. बदललेला असतो ट्रॅक्टर. वडिलांच्या काळातला लहान ट्रॅक्टर जाऊन पन्नास हॉर्सपॉवरचा आला, पण ट्रॉली तीच राहिली. जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला १३.६-२८ चा टायर असे, नव्याला १६.९-२८ चा. दोन्हींच्या उंचीत जवळपास बारा सेंटिमीटरचा फरक आहे, म्हणजे एवढ्यानंच ट्रॅक्टरचा मागचा ॲक्सल सव्वादोन-अडीच इंच वर गेला. त्यात मोठ्या ट्रॅक्टरचा हूकही मुळात उंच. सगळं मिळून हूक तीन-चार इंच चढतो. त्याच्याबरोबर ट्रॉलीचा दांडा चढतो, आणि हौदा मागे कलतो.

बैलगाडीच्या काळात ही गोष्ट घरातल्या पोरालाही कळायची. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला फास बसायचा. ओझं पुढे आलं की गाडी धुरजड व्हायची आणि बैलांच्या मानेवर भार यायचा. म्हणून गाडी भरून झाली की जाणता माणूस धुरीला हात लावून ती किंचित उचलून बघायचा. जड लागली तर चार पोती मागे सरकवायचा, हलकी लागली तर पुढे. बैल बोलत नव्हता, तरी त्याची मान दिसत होती. ट्रॅक्टरला मान नाही. त्याच्यावर काय बेततंय ते चढावर पुढची चाकं हलकी होईपर्यंत कळत नाही, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून माझा पहिला नियम आहे, आणि तो मी कुणासाठीही मोडत नाही : ट्रॅक्टरच्या हुकाला हात लावायचा नाही. कंपनीनं पट्टीला जी भोकं दिली आहेत त्यांत वरखाली होत असेल तर जरूर करा. पण हुकाला खाली पट्टी जोडून वाढवायची किंवा हूक उचलून वर वेल्ड करायचा, हे नाही. खाली वाढवलेली पट्टी मागच्या हाऊसिंगच्या बोल्टांना पिळा देते, आणि काळ्या रानात चाकोरी खोल गेली की मातीत रुतते. वर उचललेला हूक तर जिवावरच उठतो.

हिशोब साधा आहे. दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर साडेसातशे-आठशे किलो भार असतो असं धरू. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर दोन मीटर, हूक जमिनीपासून पन्नास सेंटिमीटर. ट्रॉली ओढायला आठशे किलोचा जोर लागला, तर नुसत्या ओढीनं पुढच्या चाकांवरचे दोनशे किलो उतरतात. भरल्या ट्रॉलीचा टनभर भार मागच्या ॲक्सलच्या साठ सेंटिमीटर मागे हुकावर बसला, की आणखी तीनशे जातात. पुढे उरले अडीचशे-तीनशे. आता हूक वीस सेंटिमीटर वर घ्या, त्यातले आणखी ऐंशी गेले. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. ओढ्यातून वर काढताना स्टिअरिंग फिरतं, पण ट्रॅक्टर वळत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहणं. हुकाची जागा ज्यांनी ठरवली त्यांनी हे सगळं मोजून ठरवली आहे. जुळवून घ्यायचं ते मागून येणारीनं.

तर ट्रॉली उचलायची. किती, याचं उत्तर सोपं आहे. हूक जितका चढला तितकाच हौदा ॲक्सलपासून वर घ्यायचा. कडीपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर किती का असेना, दोन्ही टोकं सारखी उचलली की मधलं सगळं सपाट राहतं.

कसं उचलायचं, याला मात्र तीन वाटा आहेत. पहिली, मोठे टायर. ९.००-१६ काढून ९.००-२० घातले की अडीच इंच मिळतात, पण त्याला रिम, कधी हबसुद्धा बदलावा लागतो. दुसरी, कमानपाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये भरीव लोखंडी गुटका. इंच-दोन इंच हवे असतील तर हे काम नीट होतं. तिसरी वाट, पाट्यांची आणि ॲक्सलची जागाच बदलणं. काही ट्रॉल्यांचा ॲक्सल पाट्यांच्या वरून गेलेला असतो. तो खालून घेतला की पाट्याची जाडी अधिक ॲक्सलची जाडी एवढी उंची मिळते, म्हणजे तीन आणि तीन मिळून सहा इंच. चारच हवे असतील तर सहा घेऊ नयेत. मग ॲक्सल न हलवता चासी आणि पाट्याचा हँगर यांच्यात चॅनल घालतो, आणि दोन्ही बाजूंचे हँगर आडव्या पट्टीनं एकमेकांना बांधतो. नाहीतर वळणावर उंचावलेले हँगर आत-बाहेर लवायला लागतात.

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या मागे घर बांधून फिरणारी माणसं आहेत. झोपायची जागा, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं एका ओढत्या गाडीत. त्यांचा ट्रक उंच निघाला की त्यांच्यापुढेही हाच प्रश्न येतो, आणि पुष्कळ जण तो अगदी असाच सोडवतात : पाट्यावरचा ॲक्सल पाट्याखाली. तिथं गाडीच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर असावा असं मानतात. त्याहून कमी झाला की मागची गाडी रस्त्यावर शेपूट हलवायला लागते. आमच्या दोनचाकी ट्रॉलीला त्याहून जास्त लागतो, कारण चिखलात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड त्या भारावरच असते. प्रश्न मात्र तोच, उलाळ आणि धुरजड यांच्या मधली जागा शोधण्याचा.

ॲक्सल खालून घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. पुष्कळ ॲक्सल तंतोतंत सरळ नसतात, मधोमध किंचित वर उचललेले असतात. भार पडला की ते सरळ होतात आणि चाकं उभी राहतात. असा ॲक्सल उलटा फिरवून बसवला तर चाकं वरच्या बाजूनं आत झुकतात आणि टायर आतल्या कडेनं खाल्ला जातो. म्हणून ॲक्सल फिरवायचा नाही. जसा आहे तसाच खाली घ्यायचा आणि पाट्याची नवी बैठक त्याच्या वरच्या अंगावर वेल्ड करायची. भार पाट्यांवर आणि आधार चाकांवर, त्यामुळे ॲक्सलचा मधला भाग खाली लवू बघतो. वरच्या अंगाला दाब असतो, खालच्या अंगाला ताण. ताणाच्या बाजूला आडवी वेल्डिंग मारली की तडा तिथूनच सुरू होतो. बैठक वर, आणि वेल्डिंगची रेघ ॲक्सलच्या लांबीच्या दिशेनं. अर्थिंगचा चिमटाही ॲक्सललाच, वेल्डिंगच्या जवळ लावायचा. तो रिमला किंवा हबला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात. ते त्या दिवशी दिसत नाहीत, दोन महिन्यांनी चाक घरघरायला लागतं.

बैठक थंड झाली की पाटा टेकवतो. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण उतरलं पाहिजे. बोटानं चाचपून बघतो, कारण तिथं नजर पोहोचत नाही. डोकं कडेवर राहिलं तर यू-बोल्ट कितीही आवळा, ॲक्सल एक दिवस सरकणार. यू-बोल्ट नवेच घालतो. एकदा ताणून बसलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढा धरत नाही. चारही नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळायचे. मग टेपचं टोक कडीच्या मध्यावर धरून डाव्या आणि उजव्या हबपर्यंतचं माप घ्यायचं. दोन्ही मापं एक आली तर ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागे सरळ चालेल. अर्धा इंच फरक असला तरी ती तिरपी चालते, टायर घासतात, डिझेल जास्त लागतं, आणि मालक वर्षभर त्याचं कारण दुसरीकडेच शोधत राहतो.

यानंतर ट्रॉली रिकामी उभी करून लेव्हल लावली की काम झालं, असं पुष्कळ जण समजतात. मी समजत नाही. रिकामी ट्रॉली काहीच सांगत नाही. भार पडला की पाटे दबतात, ट्रॉलीचे टायर बसतात, ट्रॅक्टरचे मागचे टायरही थोडे बसतात, आणि ही तिन्ही मापं सारखी नसतात. म्हणून मालकाला सांगतो, स्वतःचाच ट्रॅक्टर आण, आणि जो माल वाहणार आहेस तो भरून आण. टायरची हवा मी आधी बघतो. मग पाण्याची पारदर्शक नळी घेऊन हौद्याच्या चारही कोपऱ्यांच्या खुणा जुळवतो. पुढचं तोंड बोटभर खाली असलेलं मला चालतं, वर असलेलं चालत नाही.

पाण्याच्या टँकरला तर हे फारच लागू आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पाच हजार लिटरचे टँकर गावोगाव फिरतात. ऊस जागचा हलत नाही, पाणी हलतं. टँकर मागे कललेला असला की अर्ध्या टाकीतलं पाणी मागे जमतं. चढाला लागला की आणखी मागे धावतं, आणि हुकावरचा भार नेमका हवा असतो तिथंच नाहीसा होतो. टँकर आला तर आत आडवे पडदे आहेत का, हे मी लेव्हलच्या आधी विचारतो.

उंची फुकट मिळत नाही, हे प्रत्येक मालकाला समोर बसवून सांगतो. दोन चाकांतलं अंतर साडेपाच फूट, आणि भरल्या मालाचा तोल जमिनीपासून पाच फुटांवर. तो चार इंच वर गेला की ट्रॉली आडवी होण्यापासूनची सुरक्षितता सहा टक्क्यांच्या आसपास घटते. एक चाक चाकोरीत आणि दुसरं धुऱ्यावर असताना हे सहा टक्के फार मोठे असतात. म्हणून लागतं तेवढंच उचलायचं, त्यावर पाव इंच नाही. टायरचं माप, ॲक्सलची संख्या, हौद्याची लांबी-रुंदी यांनाही मी मालकाच्या हौसेखातर हात लावत नाही. नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. बदल करायचाच असेल तर आधी आरटीओत विचारून यायला सांगतो.

ट्रॉली माल वाहायला असते असं कागद म्हणतो. प्रत्यक्षात आमच्या भागात तिच्यात माणसं बसतात. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा सगळा संसार तिच्यात असतो : भांडी, पाचट-ताडपत्रीची खोपी, शेळी, आणि वर लेकरं. २०२०-२१ मध्ये दिल्लीच्या सीमांवर पंजाब-हरियाणाचे शेतकरी वर्षभर अशाच ट्रॉल्यांमध्ये गाद्या घालून राहिले. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड तालुक्यातल्या आलेगावच्या शिवारात हळदीच्या कामाला निघालेल्या बायकांची ट्रॉली ट्रॅक्टरसकट विहिरीत गेली आणि सात जणी गेल्या. त्या अपघाताचा ॲक्सलच्या उंचीशी संबंध नव्हता. पण तेव्हापासून हँगरची वेल्डिंग तपासताना मला वर भरलेला ऊस दिसत नाही, त्या उसावर बसलेली माणसं दिसतात. माणसं बसवू नका असं मी सांगतो. बसवली जाणार हेही मला माहीत असतं. म्हणून वेल्डिंग मी त्यांच्या हिशोबानंच करतो.

काम झाल्यावर पैसे घेतो, पण ट्रॉली माझ्या वहीतून सुटत नाही. पहिली खेप झाली की तिला परत आणायची, हे आधीच ठरलेलं असतं. नवे यू-बोल्ट पहिल्या भारानंतर थोडे ढिले पडतातच, ते पुन्हा आवळायचे. हबवर हात ठेवून बघायचं, एक हब दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का. मागच्या फाळक्यावर लाल रिफ्लेक्टर नसतील तर तिथंच लावायचे, कारण नांदेड-यवतमाळचा ३६१ नंबरचा महामार्ग आता रुंद झाला आहे आणि रात्री त्यावरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला उसाची ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. कुणी म्हणतं, एवढ्यासाठी वीस किलोमीटर परत कशाला यायचं? मी म्हणतो, यायचं. ट्रॉलीला स्वतःचं इंजिन नाही, बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकही नाही. तिला सरळ चालता येतं ते तिच्या उंचीनं आणि तिच्या जोडांनी. या दोन गोष्टी बरोबर करणं माझ्या हातात आहे, आणि त्या बरोबर झाल्याची खात्री भरल्या ट्रॉलीनं रस्ता चालल्याशिवाय होत नाही.